कागदावर आहे तेवढंच

भुजंगला आता जिल्ह्याबाहेरूनही खेळाच्या सुपाऱ्या येतात. लोक मला विचारतात, तुम्ही त्याचे मित्र, तो असा कधीपासून बोलायला लागला? मी साल आणि तिथी सांगू शकतो. अठ्ठेचाळीस सालचा वैशाख, नृसिंह जयंती, पोखर्णी. मी समोर बसलो होतो. अजूनही मला ते नीट मांडता येत नाही, तरी लिहितो.

भुजंगला वाचता येत नाही. आम्ही दोघे झरीचे. दुसरीपर्यंत एका पाटीवर शिकलो. मग त्याच्या वडिलांना पटकीने नेलं आणि भुजंग वखरामागे गेला. मी आधी परभणीला आणि मग हैदराबादला गेलो. उस्मानियात उर्दूतून शिकलो, साहित्य घेऊन बी.ए. झालो, नोकरी मिळाली नाही म्हणून परत आलो. तोवर भुजंगकडे नऊ एकर कोरडवाहू, दोन बैल आणि चार सोंगं झाली होती.

सोंगं म्हणजे गावच्या फडातल्या भूमिका. फड सात-आठ शेतकऱ्यांचा. रानातली कामं उरकली की ते जत्रांना जायचे. भुजंगचं पहिलं सोंग अस्वलाचं. तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. घोंगडं पांघरून चार पायांवर चालायचं, बोलायचं काही नाही. पण तो मध्येच दोन पायांवर उभा राहिला आणि गावच्या पाटलाच्या चालीने मंचावरून फिरला. लोक हसून आडवे झाले. पुढच्या वर्षी त्याला दरबान दिला, मग आंधळा ब्राह्मण, मग रावणाचा मामा. राक्षसाचं मोठं सोंग मात्र चंद्रभानचं होतं, आणि चंद्रभान ते कुणाला देणार नव्हता.

या फडात लिहिलेलं काही नसे. तालीमही नसे. फडाचे म्होरके सटवाजी बैलगाडीत बसल्या बसल्या कथा वाटून द्यायचे. "तू देवाला शिव्या दे. मग आश्रुबा रडंल. मग तू खांबाला लाथ घाल, मी निघतो." एवढंच. बाकी ज्याचं त्याने उभं राहून बोलायचं. भुजंग एक वाक्य दोनदा तसंच कधी बोलला नाही. कालचं बोलणं आज विचारलं तर त्याला आठवत नसे.

त्या हिवाळ्यात निजामाच्या पोलिसांच्या यादीत नाव आलं म्हणून चंद्रभान सीमा ओलांडून वऱ्हाडात गेला. हिरण्यकश्यपूचं सोंग भुजंगकडे आलं. जमाव करायला तेव्हा बंदीच होती. खेळाला इजाजत लागायची, आणि ज्या फडातला माणूस पळाला त्या फडाला ती सहज मिळणार नव्हती. कचेरीने कळवलं, खेळात जे बोलणार ते सगळं लिहून आणा. दोन नकला, एक मराठी, एक उर्दू.

सटवाजी माझ्याकडे आले. "दिनकरराव, तुमी शिकलेले. एवढं लिवून द्या."

मी लिहिलं. माझी चूक इथे झाली. भुजंगला समोर बसवून तो बोलतो ते जसंच्या तसं उतरवायचं होतं. मी ते सुधारलं. तो म्हणाला होता, "ऐका रे चहूकडच्यांनो." मी लिहिलं, "हे दशदिशांनो, श्रवण करा!" वाचून दाखवलं तेव्हा भुजंगने डोकं खाजवलं.

"दिन्या, हे कोण बोलायलंय?"

"हिरण्यकश्यपू."

"माझा असं बोलत न्हाई. ह्यो तर शाळेतला मास्तर वाटायलाय."

"कचेरीत चांगली भाषा लागते," मी म्हणालो. त्याने पुढे वाच म्हणून हात केला. त्याचा माझ्या शिक्षणावर विश्वास होता.

नकला परत आल्या त्या लाल शाईने भरून. कचेरीने दोन ठिकाणी काटछाट केली होती आणि बाजूला तीन शेरे मारले होते. मराठी नकलेवर मराठीत, उर्दूवर उर्दूत. सगळ्यात वर अट होती. कागदावर आहे तेवढंच बोलावं. एक शब्द जास्त नाही, एक शब्द कमी नाही. अट मोडल्यास बोलणाऱ्याला अटक. खाली मुचलका होता. सोंग घेणारा माणूस पळाला तर त्याच्याऐवजी ज्याला धरायचं, त्याची सही हवी होती. शिकलेल्या माणसाची.

मी सही केली. तेव्हा ती साधी गोष्ट वाटली.

मग आठ दिवस त्याच्या शेतात, बाभळीखाली, मी वाचायचो आणि तो म्हणायचा. पहिल्या दिवशी मी शेरेही वाचले, कुठे काय गेलं ते त्याला कळावं म्हणून. "हे बोलायचे नाहीत. हे कचेरीचे आहेत," असं बजावलं. त्याने मान हलवली. त्याचा कान असा की एकदा शिरलेलं बाहेर निघत नसे. आठव्या दिवशी त्याने सगळं अचूक म्हणून दाखवलं. शेरे वगळून. पण वखर ओढणाऱ्या, तोंडाला मुसकी बांधलेल्या बैलासारखा तो दिसत होता.

त्याची आई धुरपदाबाई भाकरी घेऊन आली होती. ऐकून म्हणाली, "ताप आलाय का रं तुला?"

पोखर्णीला आम्ही दोन गाड्या करून गेलो. धुरपदाबाई फडाचा स्वयंपाक करायला बरोबर होती. देवळासमोरच्या पटांगणात दोन गाड्यांच्या साट्या, म्हणजे बसायच्या फळ्या, जोडून मंच केला. मंचाच्या मागे खांब. बांबूच्या कामट्यांचा, वरून कागद, कागदाला चुना आणि गेरू. सटवाजी दुपारीच त्याच्या आत जाऊन बसले. देवाला आत जाताना कुणी बघू नये, अशी रीत आहे. एक तांब्या पाणी, आणि बाहेर वैशाखातलं ऊन. दिवस मावळता मावळता खांब फुटला पाहिजे, ही दुसरी रीत. दिवसही नाही आणि रात्रही नाही, त्या वेळी. ती वेळ चुकली तर सोंग फुकट आणि गावाचा सण बाटला, असं तिथले लोक मानतात.

ठाण्याचे अंमलदार, अमीनसाहेब, चार वाजता आले. मध्यमवयीन, थकलेला माणूस. बरोबर दोन जवान, बंदुका घेतलेले. त्यांच्यासाठी पुढे खुर्ची ठेवली. त्यांनी उर्दू नक्कल मांडीवर घेतली, पेन्सिल काढली आणि पहिल्या ओळीवर टेकवली. मला शेजारी जमिनीवर बसवलं. माझ्या हातात मराठी नक्कल होती.

खेळ सुरू झाला. प्रल्हाद आमचा आश्रुबा. वय तीस, दोन लेकरांचा बाप, पण बुटका आणि मिशी न फुटलेला. त्याचं बोलणं थोडं होतं. ते त्याने नीट म्हटलं. मग भुजंग आला. तोंडाला काजळ, खांद्यावर लाकडी गदा. लोक सावरून बसले.

तो बोलू लागला. शब्द बरोबर होते. अमीनसाहेबांची पेन्सिल ओळीमागून ओळ सरकत होती. पण त्याचा आवाज मेला होता. माझी लांबलचक वाक्यं तो एकेक करून खाली ठेवत होता, ओझी उतरवावीत तशी. बायका आपसांत बोलू लागल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "पोथी वाचायलाय का रं ह्यो?"

"राक्षस हाय का गुरव?" दुसरा म्हणाला.

भुजंगच्या कपाळावरून काजळ गळायला लागलं. मी कागदावरून मान वर केली. मला भीती दोन गोष्टींची होती. तो अडला तर खेळ पडेल. तो स्वतःचं बोलला तर तुरुंग.

पहिल्या काटछाटीपाशी तो आला. इथे त्याचं स्वतःचं बोलणं होतं, फडात नेहमी रंगणारं. माझ्या नकलेतही त्याच्या सहा ओळी राहिल्या होत्या, त्याच कचेरीने उडवल्या.

"मी त्रैलोक्याचा अधिपती," तो म्हणाला आणि थांबला.

त्याच्या घशाशी स्वतःचे शब्द आलेले मला दिसले. त्याने ते मागे ढकलले. पुढचं वाक्य सापडेना. मी ओठ हलवले. तो माझ्याकडे बघत होता, पण त्याला काही दिसत नव्हतं. अमीनसाहेबांनी पेन्सिल थांबवून वर पाहिलं. खांबाच्या आतून दबका आवाज आला, "भुजंगा, काय झालं रं?"

भुजंगने गदा आपटली आणि राक्षसाच्या आवाजात गरजला, "येथील सहा ओळी बंद! राजाची बेअदबी!"

क्षणभर कुणाला कळलं नाही. मलाही नाही. मग पुढे बसलेला एक म्हातारा खुसखुसला. त्याच्या शेजारच्याला हसू फुटलं. मग पटांगणच हसलं.

भुजंग दचकला. ती चूक होती. भीतीपोटी, कानात शिरलेला शेराही बाहेर आला होता. पण लोक हसले तसं त्याने त्यांच्याकडे पाहिलं, आणि ती नजर मी ओळखली. अस्वल दोन पायांवर उभं राहिलं होतं.

पुढचा शेरा मला पाठ होता. मी मनात म्हणत होतो, नको.

तो पुढचं सगळं अक्षर न चुकता बोलला. आता त्याला माझी वाक्यंही पेलत होती. तो मंचाच्या कडेला आला.

"या माझ्या राज्यात मी असा जुलूम..." तो थांबला. गदेकडे पाहिलं. मग हळू, कचेरीतल्या कारकुनासारखं, "जुलूम शब्द काढला. त्याजागी बंदोबस्त घालावा." आणि पुन्हा गरजून, "असा बंदोबस्त मांडीन, की पाखरू फडफडणार नाही!"

लोक मांड्या थोपटत होते. एक जवान हसला आणि त्याने तोंड फिरवलं. आश्रुबा प्रल्हाद म्हणून हात जोडून उभा होता, त्याचे खांदे हलत होते.

तिसरा शेरा शेवटच्या वाक्यापाशी होता. भुजंगने ते वाक्य म्हटलं, एक बोट वर केलं आणि लोकांना दरडावलं, "या वाक्यावर लोकांना टाळ्या वाजवू देऊ नयेत!"

टाळ्या थांबेनात.

अमीनसाहेब उठले. टाळ्या लगेच थांबल्या. जवानांनी बंदुका हातात घेतल्या. मावळायला दिवस कासराभर उरला होता.

"क्या बोला रे तू?"

भुजंगने गदा खाली ठेवली. "कागदावर हाय हुजूर."

"मेरेकू नक्को सिखा."

"न्हाई हुजूर. बघा तुमी."

अमीनसाहेबांनी नक्कल डोळ्यांजवळ नेली. शेरे होते. मग त्यांनी मला उभं केलं. "तुमची नक्कल. त्यात हाय?"

मी म्हणू शकलो असतो, हा अडाणी आहे, चुकलं, माफ करा. मी वाक्य तयारही केलं होतं. पण तोंड उघडलं तेव्हा एवढंच निघालं, "आहे."

"वाचा अट."

मी वाचली. एक शब्द जास्त नाही, एक शब्द कमी नाही. माझा आवाज पटांगणभर ऐकू गेला.

अमीनसाहेब बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. कळसाची सावली मंचावर चढली होती. खांबातून खोकला आला, मग पाण्याचा रिकामा तांब्या पडल्याचा आवाज. गावातले जाणते लोक सूर्याकडे बघत होते. एकाने हात जोडले. "साहेब, येळ चालली."

अमीनसाहेबांनी पेन्सिल उचलली. माझ्या नकलेवर, शेऱ्याच्या खाली, ते लिहू लागले. "सदर शेरे बोलू..."

"लिवा हुजूर," भुजंग अदबीने म्हणाला. "दिनकरराव वाचून दाखवतील. तेबी बोलतो."

पेन्सिल थांबली. अमीनसाहेबांनी आपण लिहिलेल्या तीन शब्दांकडे पाहिलं. त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला असं मला वाटलं, पण मी शपथ घेणार नाही. त्यांनी दोन्ही नकला घडी करून खिशात घातल्या.

"अब कागज नै," ते म्हणाले. "जो बोलना, अपनी जबान से बोल. और सुबू ठाण्यात ये. जो बोलशील ते तुझ्यावर."

ते खुर्चीत बसले.

आता भुजंग गप्प राहू शकत होता. खांबाला लाथ घातली असती तर खेळ पुरा झाला असता. सण सुटला असता, तोही कदाचित सुटला असता. मी मान हलवून त्याला तेच सांगत होतो. घाल लाथ. घाल.

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मंचाच्या मधोमध आला आणि पाय फाकवून उभा राहिला.

"ऐका रे चहूकडच्यांनो! ढग माझा. ढगातलं पाणी माझं. तुमच्या रांजणात पडलं म्हणून काय तुमचं झालं? खोकला आला? आधी अर्जी द्या. झोपंत बडबडायचं हाय? दोन नकला लिवून आणा, एक मराठी, एक उर्दू. आन् सपनात मी दिसलो तर उठून सलाम घाला, मग निजा!"

आता कुणी हसत नव्हतं. लोक उभे राहिले होते. आश्रुबा पुढे झाला. "बाबा, देव हाय. सगळीकडं हाय."

"ह्या खांबात हाय?"

"हाय."

"आत बसायची इजाजत घेतलीय का त्यानं?"

आणि त्याने लाथ घातली. कामट्या कडाडल्या. सटवाजी कागद फाडून बाहेर पडले ते खरंच भेसूर दिसत होते. डोळे लाल, अंगाला चुना चिकटलेला, उभं राहायचंही बळ नाही. ते भुजंगवर कोसळले. भुजंगने त्यांना सावरून घेतच स्वतःला त्यांच्या मांडीवर पाडून घेतलं. सूर्य निम्मा बुडाला होता. देवळात घंटा सुरू झाली.

अमीनसाहेब आरतीला थांबले नाहीत. जाताना एवढंच म्हणाले, "सुबू."

गाडीच्या आडोशाला भुजंग तोंडाला तेल लावून काजळ पुसत बसला. सटवाजी ओल्या फडक्याने अंग झाकून आडवे होते. सगळे एकदम बोलत होते.

"आत्ताच्या आत्ता निघ," सटवाजी म्हणाले. "चंद्रभान गेला तसा. माझे बैल घे."

"वऱ्हाडात गेलास की झालं," आश्रुबा म्हणाला. "ठाण्यात गेलास तर हाडं मोजून देतील."

"आन् दिन्याचं?" भुजंगने विचारलं. "त्याची सही हाय."

सगळे माझ्याकडे बघू लागले. चुलीपाशी बसलेली धुरपदाबाईही.

मला म्हणायचं होतं, तू जा, माझं मी बघतो. वाक्य लहान होतं. मी मुचलक्याचा विचार केला. ठाण्याच्या कोठडीचा विचार केला. हैदराबादेत अर्ज केलेल्या नोकरीचाही केला. मी गप्प राहिलो.

भुजंगने थोडा वेळ वाट पाहिली. मग फडकं झटकलं. "भाकर वाढ माय. सकाळी लवकर जायचंय."

ठाणं दोन कोसांवर. आम्ही दोघेच चालत गेलो. वाटेत तो एकदाच बोलला. "तुझं ते दशदिशा लय वाईट नव्हतं रं. तोंडाला बसायला येळ लागतो."

अमीनसाहेब दारातच भेटले. रात्रभर झोप नसावी. त्यांनी मुचलका काढला, माझं नाव वाचलं. "आदमी हाजिर. तुमचं काम संपलं. जावा." भुजंगला जवानाने आत नेलं. दार लोटलं. मी बाहेर उभा राहिलो. आतून विचारणं ऐकू आलं, मग भुजंगचं उत्तर, मग एक आवाज. तो कसला हे मला कळलं. मी पायऱ्या उतरलो.

त्याला भादव्यापर्यंत ठेवलं. निजामाचं राज्य गेलं तेव्हा सुटला. डाव्या हाताची दोन बोटं आता नीट मिटत नाहीत. गदा तो उजव्या हातात धरतो. हे सगळं नंतरचं. त्या सकाळी यातलं काही माहीत नव्हतं.

मी पोखर्णीला परत आलो तेव्हा फड गाड्या भरत होता. धुरपदाबाई भांडी घासत होती. माझ्या मागे कुणी नाही हे तिने पाहिलं.

"ठिवलं?"

"हो."

"मारलं का त्याला?"

"माझ्यासमोर नाही."

"तू आत गेलतास?"

मी खाली पाहिलं. "नाही."

तिने राखेचे हात धुतले. रात्रीच्या चार भाकरी होत्या, त्यावर चटणी घातली, फडक्यात बांधल्या. गाठ दोनदा आवळली. गठुळं माझ्या हातात दिलं.

"तुला लिवता येतं, उर्दू बोलता येतं," ती म्हणाली. "दारात उभं राहायला तर माझा बैलबी राहील. आता आत जा."

ऊन चढलं होतं. मी पुन्हा ठाण्याच्या वाटेला लागलो.